ईस्कीच्या जुन्या शाळेतली हंगेरियन चित्रं

मी शोधत होते पुस्तकांसाठी एक जुनं कपाट, आणि सापडली ही जाहिरात: ‘हंगेरियन चित्रकारांची कागदावरची मूळ आधुनिक चित्रं विकायची आहेत. येण्याआधी फोन करावा.’ खाली गावाचं नाव, ईस्की, काउंटी स्लायगो, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला. सोबत एकच फोटो. खिडकीच्या उजेडात टेबलावर पसरलेली दहाबारा चित्रं, त्यातलं एकही धड दिसत नव्हतं. पण एका कडेला काळ्या शाईचा असा काही फटकारा होता की मी कपाट विसरले आणि फोन लावला.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. नाव इलोना. इंग्रजी पक्कं स्लायगोचं, फक्त ‘र’ वेगळ्याच देशातला. “शनिवारी दुपारी या. पाऊस असला तरी या. इथे तो असतोच.”

नवरा म्हणाला, “तीन तास गाडी हाणून कागद बघायला?” मग म्हणाला, “बाबांना घेऊन जा. त्यांनाही बदल होईल. फक्त रविवारी इराची पोहण्याची स्पर्धा आहे, तीनच्या आत परत ये.” इरा आमची मुलगी.

बाबांचं सांगते. माझे वडील बहात्तर वर्षांचे, मूळ गोंदियाचे. आई भावाच्या लहान बाळासाठी नागपुरात थांबली, म्हणून तीन महिन्यांसाठी ते एकटेच आमच्याकडे सँट्रीला, आयर्लंडच्या पूर्वेला, आले होते. मी त्यांना समुद्रावरचे उंच कडे दाखवले, किल्ले दाखवले. प्रत्येक ठिकाणी ते मान हलवून “चांगलं हाये” म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. त्यांना इथलं काहीही मनापासून आवडलेलं नाही, हे मला कळत होतं आणि आत कुठेतरी ते लागतही होतं. ते आयुष्यभर ‘प्रेसमध्ये’ होते, नागपूरच्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर. त्यापलीकडे त्यांच्या कामाबद्दल मला काही माहीत नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं.

शनिवारी साडेआठला निघालो. सँट्रीहून येणाऱ्यांसाठी सूचना: एम-५० महामार्गाच्या टोलला नाका नाही, कॅमेरा आहे. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरा, नाहीतर दंडाचं पत्र घरी येतं. पुढे एम-४ वर मात्र खराखुरा नाका आहे, सुटे पैसे जवळ ठेवा. मलिंगारपर्यंत रस्ता इतका सरळ आहे की झोप येते. त्यानंतर तो अरुंद होतो, गावांमधून जायला लागतो आणि प्रवास सुरू झाल्यासारखं वाटतं.

कॅरिक-ऑन-शॅननला नदीकाठी गाडी लावली. मी सूप आणि ब्राउन ब्रेड घेतला, साडेआठ युरो. बाबांनी बाकावर बसून डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या मी पहाटे तळल्या होत्या. नदीत पांढऱ्या बोटी बांधलेल्या होत्या. एक राखाडी बगळा आमच्याकडे पाठ करून उभा होता.

“काय पायाले चाललो आपण?” बाबांनी विचारलं.

“हंगेरीची चित्रं. कागदावरची. काढलेली, छापलेली, दोन्ही.”

“छापलेली?” ते पुरी खायचे थांबले. “कशावर छापलेली?”

मला ठाऊक नव्हतं.

स्लायगोच्या अलीकडे बॅलिसोडेअरला डावीकडे वळायचं. तिथून पुढे डाव्या हाताला ऑक्स डोंगरांची रांग आणि उजवीकडे शेतांच्या फटींतून अटलांटिक. पहिल्यांदा अख्खा समुद्र दिसला तेव्हा मी गाडी कडेला घेतली. शिशाच्या रंगाच्या पाण्यावर ढगाला भोक पडून उजेडाचा एक खांब उतरला होता आणि तो हळूहळू आमच्या दिशेने चालत येत होता. बाबा काच खाली करून बघत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

ईस्कीच्या अलीकडे मैलभरावर इलोनाबाईंचं घर. ती पूर्वीची गावची शाळा होती. एकच उंच खोली आणि माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्या. बाई शहात्तरच्या, ताठ, कापलेले पांढरे केस, पायात रबरी बूट. त्यांचा नवरा आयरिश इंजिनिअर. कामासाठी बुडापेस्टला गेला होता, तिथे त्यांची ओळख झाली, लग्न झालं आणि बाई इकडे आल्या. नंतर दोघं दरवर्षी माहेरी जायचे आणि चित्रकारांच्या घरी जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, एकेक चित्र विकत आणायचे. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. आता त्या मलिंगारला मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. तिथे त्यांच्या वाट्याला एक खोली होती आणि त्या खोलीला एकच भिंत मोकळी होती.

“बसा,” त्या म्हणाल्या. “कागदांकडे घाईने बघायचं नसतं.”

मग त्यांनी एकेक चित्र समोर ठेवायला सुरुवात केली. काय सांगू! धुक्यातला पूल होता, आणि चित्रकाराने पूल काढलाच नव्हता. भोवतालचं पाणी आणि आकाश शाईने धुतलं होतं आणि मधला कोरा राहिलेला कागद म्हणजे पूल. एक लाल वर्तुळ होतं, काळ्या चौकोनाला जेमतेम टेकलेलं. त्या टेकण्याच्या जागेवरून माझी नजर हलेना. ट्रामच्या जुन्या तिकिटांचे तुकडे चिकटवून केलेली एक म्हातारी होती. कडाक्याच्या थंडीतलं एक शेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, त्यात नांगराच्या रेषा इतक्या बारीक की त्या मोजणाऱ्याचे डोळे जातील. एक रेखाटन रेल्वेच्या छापील फॉर्मच्या पाठीवर होतं. “तेव्हा कागद मिळायचा नाही,” बाई म्हणाल्या, “चित्र मात्र थांबायचं नाही.” जुन्या फॉर्मवरचे रकाने उलट्या बाजूने पुसट दिसत होते आणि त्यांच्यावरून एक नग्न स्त्री आळस देत होती.

मी आजवर मोठमोठ्या संग्रहालयांत फिरले आहे. तिथे काच असते, दोरी असते, रांग असते. इथे चित्र आणि मी यांच्यात हातभर अंतर होतं. खिडकीतून येणाऱ्या समुद्राच्या उजेडात कागदाचे धागे दिसत होते.

बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून प्रत्येक चित्रावर वाकत होते. त्यांनी एकाही कागदाला बोट लावलं नाही. इलोनाबाईंनी ते हेरलं. “तुमच्या वडिलांना कागद कळतो,” त्या मला म्हणाल्या. मग म्हणाल्या, “उरलेली प्रेसमध्ये आहेत, आणते.”

बाबा ताडकन सरळ झाले. “प्रेस? हिच्याकडे प्रेस हाये?”

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, हे त्यांना समजावताना माझी हसून पुरेवाट झाली. बाईंना सांगितलं तर त्याही हसल्या आणि मग त्यांनी बाबांकडे नव्याने पाहिलं. “छापखान्यात होते? माझी आई पण. बुडापेस्टला. छपाईचे दगड घासायची. मी बारा वर्षांची असताना गेली.”

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी बाईंच्या हातांकडे बघितलं.

आता पैशांचं. छोटी रेखाटनं दीडशे युरोंपासून होती, तो धुक्यातला पूल नऊशेला. माझ्या आवाक्याबाहेर. माझा चेहरा बघून बाईंनी दाराजवळची एक चपटी पेटी दाखवली. “यातली मूळ नाहीत, छापील प्रती आहेत. माझ्या नवऱ्याने वेगळ्या काढून ठेवलेल्या. कुठलीही तीस युरोला.”

पेटीत तळाशी मला ते चित्र मिळालं. करड्या-काळ्या रंगाचं एक अंगण. चेस्टनटचं झाड. भिंतीशी एकावर एक रचलेल्या जाड फरश्या आणि त्यांवर पाठमोरी बसलेली, दोन वेण्या घातलेली मुलगी. खाली कडेला गवत. बस, एवढंच. पण ती मुलगी कुणाची तरी वाट बघत होती आणि हे तिच्या नुसत्या मानेवरून समजत होतं.

बाईंनी ते उजेडात धरलं. “हे आईच्या छापखान्यातलं असावं. मावशीने तिच्या सामानासोबत पाठवलं होतं. कामगार अशा फुकट गेलेल्या प्रती घरी न्यायचे.” मग त्यांनी खांदे उडवले. “सगळं कुठे नेणार? तुला आवडलंय ना, मग ते तुझं.” आणि दोन पुठ्ठ्यांत घालून, दोरी बांधून त्यांनी ते मला दिलं.

मुक्कामाला पुढे वीस मिनिटांवर एनिसक्रोनला गेलो. लांबच लांब वाळूचा किनारा आहे. समुद्री शेवाळाच्या गरम पाण्यात अंघोळ करायची इथे जुनी पद्धत आहे. मी केली, कातडी रेशमासारखी झाली, जरूर करा. बाबांनी टबातलं ते हिरवं लिबलिबीत प्रकरण लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, “आपल्याकडं याच्यात म्हशी बसतात.” बी अँड बी नाश्त्यासकट दोघांना एकशे दहा युरो पडलं. मालकीणबाई बोलक्या. शाकाहारी म्हटल्यावर न कुरकुरता अंडं-सॉसेज काढून मशरूम आणि टोस्ट वाढतात.

रविवारी सकाळी नाश्त्याला खाली जायला बाबांना हाक मारली, तर ते खोलीत खिडकीजवळच्या पलंगाशी उभे. दोरी सोडलेली. चित्र पलंगावरच्या स्वच्छ टॉवेलवर, आणि बाबा आपलं वाचायचं भिंग घेऊन त्यावर ओणवे.

“रश्मी, इकडं ये. हे पाय.”

मी भिंगातून पाहिलं. झाडाचं खोड होतं. काळे, वेडेवाकडे, कमीजास्त कण.

“मशीनवरची प्रत असती तं ठिपके दिसले असते. रांगेनं, एकसारखे. चाळीस वर्सं तेच तं पायले मी. हे ठिपके नाहीत. हा दगड हाये.”

“म्हणजे?”

“लिथो. शिळाछाप. दगडावर तेलकट खडूनं हातानं काढलेलं चित्र. हे कण दगडाचे हायेत. मूळ हाये हे, प्रत नाही.”

आणि मग, खिडकीशी उभ्या उभ्या, माझ्या वडिलांनी मला सांगितलं की ऑफसेटच्या आधी, सतराव्या वर्षापासून अकरा वर्षं, ते गोंदियाला विडीची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात दगडावर काम करायचे. आधी दगड घासणारे. दोन दगडांमध्ये रेती आणि पाणी घालून गोल गोल, जुनं चित्र पार निघेपर्यंत. मग कारागिराच्या हाताखाली. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, कारण कागदावर ते पुन्हा उलटतं. त्यामुळे अक्षरं आरशातल्यासारखी लिहायची आणि तशीच वाचायची. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. हे मला माहीत नव्हतं.

“आता हे गवत पाय,” ते म्हणाले.

मी पाहिलं. गवत.

“गवत नाही. नाव हाये. उलटं छापल्या गेलं. शिकलेला कारागीर अशी चूक करत नाही. हे कारागिराचं कामच नाही. नवख्या माणसानं काढलं, सही करताना सरळ लिहिलं अन् कागदावर उलटं आलं.” त्यांनी बोट कागदापासून इंचभर वर धरून उजवीकडून डावीकडे नेलं. “ई. आर. झेड. एस. आय.”

एर्झी. मी फोनवर शोधलं. हंगेरीतलं बाईचं नाव. एर्झेबेटचं घरगुती, लाडाचं रूप.

“त्या बाईची आई दगड घासत होती म्हणाली ना ते?” बाबांनी विचारलं.

मी फोन खाली ठेवला.

इथे मी खरं तेच लिहिणार आहे. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तीस युरोत मूळ लिथो मिळाला. दुसरं आलं ते इराच्या स्पर्धेचं. मी म्हटलं, “बाबा, एर्झी तिथे शंभर असतील. घरी जाऊन फोन करू. आता परत गेलो तर उशीर होईल.”

“फोनवर कसं दाखवशील?”

“आणि समजा त्यांची आई नसली तर? उगाच त्या बाईंना आशा लावायची.”

बाबांनी चित्र पुठ्ठ्यात ठेवलं, दोरीची गाठ मारली. “दगड घासणाऱ्याचं नाव कधीच कुठं छापत नाहीत,” ते म्हणाले. “तिले सांगाले पायजे. तू नको येऊ, मले सोडून दे तिथं.”

मी नवऱ्याला मेसेज केला आणि गाडी घरच्या जवळच्या रस्त्याऐवजी किनाऱ्याने ईस्कीकडे घेतली. पाऊस आडवा लागला होता आणि समुद्र रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

इलोनाबाई दारात आल्या आणि पुठ्ठा बघून त्यांचा चेहरा पडला. “आवडलं नाही?”

“तसं नाही,” मी म्हटलं. “एक विचारायचंय. तुमच्या आईचं नाव काय होतं?”

“एर्झेबेट. का?”

“आणि घरी काय म्हणायचे?”

“एर्झी. सगळेच म्हणायचे.” त्या माझ्याकडून बाबांकडे बघू लागल्या. “का विचारतेस?”

मी काही सांगणार, एवढ्यात बाबांनी हात करून मला थांबवलं. आरसा, आरसा, असं त्यांनी खुणेने विचारलं. बाईंनी आतून एक लहानसा आरसा आणला. बाबांनी चित्र कालच्याच टेबलावर ठेवलं, खिडकीच्या उजेडात, आणि आरसा त्या गवताच्या शेजारी उभा धरला. मग बाईंना पुढे बोलावून ते स्वतः मागे सरकले.

इलोनाबाई वाकल्या. बराच वेळ त्यांना काही दिसलंच नाही. मग दिसलं. मला तो क्षण कळला, कारण त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

त्या हंगेरियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. आम्हाला नव्हे. मग खुर्चीवर बसल्या आणि हे कसं कळलं असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी बाबांचं म्हणणं शब्दशः इंग्रजीत सांगितलं. ते कण, तो दगड, ती नवख्याची चूक. त्या मधूनमधून बाबांकडे बघून मान हलवत होत्या.

“मी आजवर सगळ्यांना सांगत आले की आई छापखान्यात नुसते दगड घासायची,” त्या म्हणाल्या. “मुलीलाही तेच सांगितलं. तिने एखादी रेघ ओढलेली मी कधी पाहिली नाही. घरी कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. तिचे हात तर असे,” त्यांनी आपले पंजे खरखरीत असल्यासारखे एकमेकांवर घासले.

मी विचारलं, “ती मुलगी तुम्ही आहात का?”

त्यांनी चित्राकडे कितीतरी वेळ पाहिलं. “त्या अंगणात मी तिची वाट बघत बसायचे, हे खरं. पण तिथे सगळ्याच मुलींना दोन वेण्या असायच्या.” मग म्हणाल्या, “मला माहीत नाही. आता कुणालाच माहीत नसणार.”

बाबांनी मला सांगायला लावलं: दगडावर चित्र काढून झालं की तो पुन्हा घासावा लागतो. तिने रिकाम्या दगडावर कधीतरी हे काढलं असेल, एखादी प्रत दाबून घेतली असेल आणि मग स्वतःच्याच हाताने दगडावरचं चित्र घासून काढलं असेल. तेच तिचं काम होतं. म्हणजे जगात ही एकच असावी.

हे मी सांगितल्यावर बाई उठल्या आणि बाबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बाबा संकोचले. एरवी ते परक्या बाईशी हात मिळवायलाही कचरतात. पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

चित्र अर्थातच तिथेच राहिलं. बाईंनी बदल्यात काहीही निवडा म्हटलं. अगदी तो पूलसुद्धा. मी आशेने बाबांकडे पाहिलं, खोटं कशाला बोलू. बाबा म्हणाले, “तीस रुपयाचं घेतलं होतं, तीस रुपयाचंच घे.” मी युरो म्हणून दुरुस्ती केली. मग पेटीतली कोंबड्यांची एक छापील प्रत घेतली. तिच्यात भिंगातून रांगेने ठिपके दिसतात. निघताना बाई फोनवर बुडापेस्टच्या बहिणीशी बोलत होत्या, रडत आणि हसत, आणि त्या सगळ्या बोलण्यात आम्हाला एकच शब्द ओळखू येत होता.

सँट्रीला पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. इराची स्पर्धा संपली होती. ती तिसरी आली होती. मी माफी मागितली तर म्हणाली, “इट्स ग्रँड, मॅम,” म्हणजे ‘ठीक आहे, आई’, पण संध्याकाळभर माझ्याजवळ बसली नाही. तेही या सहलीच्या हिशेबात धरायला हवं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: बाईंनी बरीचशी चित्रं नंतर विकली, आणि शाळेचं ते घरही गेलं. त्या मलिंगारला आहेत. मोकळ्या भिंतीवर काय लावलंय, ते मी विचारलेलं नाही. पण ईस्कीचा रस्ता आहेच, तो उजेडही असतोच. आणि कागदावरची मूळ चित्रं कुठे विकायला निघाली तर न घेता नुसती बघायला तरी जा. काचेशिवाय आणि दोरीशिवाय बघा. माणसाचा हात किती वर्षं टिकतो, ते तिथे समजतं.

त्या रविवारी जेवताना मी बाबांना विचारलं, “तुम्ही कधी दगडावर स्वतःचं काही काढलं होतं?”

ते पोळीचा तुकडा मोडत राहिले.

“एकदा,” ते म्हणाले. “वाघाचं लेबल होतं. कारागीर जेवाले गेला तवा वाघाच्या पायाखाली पळसाचं एक फूल टाकलं. बारकं. मालकाले समजलंच नाही. पोत्यानं लेबलं गेली. सगळ्या मुलखात विडीचे कट्टे गेले.”

“कुणीच बघितलं नाही?”

“लोक कट्टा फोडत अन् लेबल फेकून देत. कोण पायते?” त्यांनी वरणात तुकडा बुडवला. “मी मात्र रस्त्यानं खाली पायत चालायचो.”